झरोक्यातलं घरटं

वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं. यंदा वाचन सुरू होऊन आठ दिवसही झाले नव्हते, तेवढ्यात एकदा वंदना संपल्या संपल्या वाद निघाला. विषय ग्रंथातला नव्हता, भिंतीतला होता. मागच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅनसाठी ठेवलेल्या भोकात साळुंकीनं घरटं केलं होतं. बाहेर मुरगूडचा पाऊस, खिडक्या बंद, आत माणसं दाटीनं बसलेली. कुणीतरी फॅनचं बटण दाबलं. फॅन घरघरला, अडकला, आणि काड्या, पिसं, वाळलेली घाण खाली बसलेल्या बायकांच्या डोक्यावर आली.

“काठी आणा, पाडून टाकतो,” म्हणत एक काका उठले. शेजारच्या आजींनी त्यांचा हात धरला. “आत्ताच पंचशील म्हणून बसलायसा न्हवं? पहिलं शील काय हाय?” मागून एक सून म्हणाली, “आजी, पोरांच्या अंगावर बारीक किडं पडाय लागल्यात. मग आमी काय करायचं?”

आजी बरोबर होत्या आणि सूनही बरोबर होती. काकांचं तेवढं चुकत होतं, तेही घाईमुळे. त्या दिवशी आम्ही दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण हा विषय दोन वाक्यांचा नाही. वस्त्यांमध्ये आरोग्याच्या कामासाठी फिरताना आम्हाला तो घरोघरी भेटतो. कुणी तो ‘आजार’ म्हणून सांगत नाही. “काय नाही ओ ताई, पाखरांची घाण आहे” असं म्हणून सोडून देतात. आता थंडी सुरू झाली आहे, न्हाणीत गॅसचे गिझर पेटू लागले आहेत, म्हणून या पानावर सविस्तर लिहितो आहोत.

जुनी कौलारू घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवत असेल. चिमण्या वळचणीला असायच्या, तुळईवर असायच्या, आणि भिंतीवर तिरक्या टांगलेल्या तसबिरीच्या मागे तर हमखास असायच्या. आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोमागे दर उन्हाळ्यात घरटं असे. १४ एप्रिलला हार घालताना आई सांगायची, फोटो हलवू नका, पिल्लं आहेत. खाली पडलेल्या काड्या ती केरसुणीनं गोळा करायची आणि विषय संपायचा. कौलांच्या फटीतून, दाराच्या वरून, चुलीच्या धुराड्यातून वारा खेळत होता. घराला शंभर भोकं होती. त्यातलं एखादं पाखरानं घेतलं तरी माणसाचं काही अडत नव्हतं.

मग स्लॅब आला. सिमेंटच्या घरात पाखराला बसायला फट राहिली नाही. उरली ती यंत्रांसाठी मुद्दाम पाडलेली भोकं: स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं, एसीच्या पाइपचं, न्हाणीच्या झरोक्याचं. चिमणी आणि साळुंकी ही बिळात, पोकळीत घरटं करणारी पाखरं आहेत. त्यांना चार इंचांचं, सावलीचं, मांजर पोहोचणार नाही असं भोक दिसलं की ते त्यांचं घर. आमच्या ओळखीतल्या एका घरची मुलगी अमेरिकेत असते. तिकडे कपडे वाळवायचं यंत्र घरात असतं आणि त्याची गरम दमट हवा भिंतीतल्या नळीनं बाहेर सोडतात. तिच्या त्या नळीत चिमण्यांनी घरटं केलं, कपडे वाळेनात, यंत्र तापू लागलं. कपड्यांचा कापसासारखा बारीक धागा आणि वाळलेलं गवत नळीत साचलं की तिथे घरांना आगी लागतात, म्हणून तिला माणूस बोलवून नळी साफ करून घ्यावी लागली. गंमत अशी की ही चिमणी तिकडची नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर माणसांनीच ती युरोपातून अमेरिकेत नेऊन सोडली. आपल्याकडे कपडे दोरीवर वाळतात, त्यामुळे ती नळी आपल्या घरात नाही. पण हवा बाहेर जायची वाट पाखरानं बुजवणं, किंवा पाखराच्या भीतीनं आपणच ती बुजवणं, हा प्रकार मुरगूडमध्येही तोच आहे. आणि आपल्याकडे तो जास्त घातकी ठरू शकतो. त्याला कारण गॅस गिझर.

गेल्या थंडीत आमच्या कागल तालुक्यातल्या एका घरात घडलेली गोष्ट सांगतो. न्हाणी चार फूट बाय पाच फूट. आत गॅसचा गिझर, वर एकच झरोका. त्या झरोक्यात साळुंकी यायची, काड्या आणि विष्ठा बादलीत पडायची. आईनं वैतागून झरोक्यात सिमेंटचं रिकामं पोतं कोंबलं. घाण थांबली. दोन महिने काही झालं नाही, कारण दिवस उन्हाळ्याकडचे नसले तरी अजून गार पाण्यानं भागत होतं. थंडी वाढली तशी बारावीतली मुलगी पहाटे उठून, दार लावून, गिझर चालू ठेवून डोक्यावरून न्हायला बसली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, हाकेला ओ येईना, म्हणून भावानं दार लाथेनं उघडलं. पोरगी फरशीवर पडलेली. तिला उचलून अंगणात आणली, १०८ ला फोन केला. ती वाचली. भाऊ घरात नसता तर काय झालं असतं ते लिहायची गरज नाही.

ज्या दवाखान्यात तिला नेलं तिथे पहिल्यांदा “उपाशीपोटी चक्कर आली असेल” असं सांगण्यात आलं. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ दिसत होता, त्यामुळे सगळे निश्चिंत. इथे परिचारिका म्हणून आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. बंद जागेत गॅस जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्त वाहत असतं पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आणि बोटाला लावायचं साधं यंत्र ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि हा वायू चिकटलेलं रक्त यांतला फरक ओळखू शकत नाही. ते ९८ दाखवत राहतं. म्हणून न्हाणीत कुणी बेशुद्ध सापडलं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: आत गॅसचा गिझर चालू होता. हे कळलं की लगेच मास्कनं ऑक्सिजन सुरू करता येतो. यंत्रावरचा आकडा बघून थांबायचं नाही.

सुरुवातीची लक्षणं साधी असतात. डोकं जड होणं, मळमळ, पायातलं बळ जाणं. माणसाला वाटतं पित्त झालं. कडी काढायला हात उचलत नाही तेव्हा उशीर झालेला असतो. घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं अंघोळीनंतर डोकं दुखत असेल तर पित्ताची गोळी देण्याआधी झरोका बघा. त्यात पोतं, पुठ्ठा, जुनी साडी किंवा घरटं असेल तर गिझर आजच बंद करा. खरं म्हणजे गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या जागेत बसवायला हवा. ते शक्य नसेल तर दार उघडं ठेवून बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मगच दार लावून अंघोळ करायची. लहान मुलांना हे शिकवा आणि पाहुण्यांनाही सांगा. पाहुण्याला आपल्या न्हाणीची खोड माहीत नसते.

त्या मुलीच्या आईला आम्ही दोष देत नाही. कोल्हापूरकडच्या थंडीत न्हाणीचं भोक बुजवायची सवय आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. पाखराचं फक्त निमित्त झालं.

दुसरा धोका हळू येतो. पाखरांची, विशेषतः पारव्यांची, विष्ठा आणि पिसांवरची पांढरी भुकटी वाळून हवेत मिसळते. ती रोज श्वासातून आत गेली की काहींच्या फुप्फुसांना त्यातल्या प्रथिनांची ॲलर्जी होते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. नाव अवघड आहे, लक्षणं ओळखीची आहेत: कोरडा खोकला, जिना चढताना धाप, कधी संध्याकाळी कणकण, वजन उतरणं. ओळखीची म्हणजे टीबीसारखी. आपल्या वस्त्यांत खोकला लांबला की टीबीची तपासणी आधी होते आणि ती झालीच पाहिजे. पण थुंकी वारंवार निर्दोष येत असेल आणि खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं की घराच्या खिडकीत पारव्यांचा वावर आहे. या आजाराचा पहिला उपचार म्हणजे त्या धुळीपासून माणूस दूर करणं. वेळेत झालं तर फुप्फुस सावरतं. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर त्यात व्रण पडतात आणि ते परत जात नाहीत.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. एका साळुंकीचं एक घरटं म्हणजे रोग नव्हे. चिमण्या कित्येक पिढ्या आपल्या घरात राहिल्या आणि आपण जगलो. फरक पडतो तो विष्ठेच्या साठ्यानं, बंद खोलीनं आणि रोजच्या संपर्कानं. ज्यांना आधीच दमा आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा एचआयव्हीसारख्या आजारामुळे कमी झाली आहे, त्यांना मात्र जुन्या वाळलेल्या विष्ठेतल्या बुरशीपासूनही धोका असतो. अशा माणसानं घरट्याची साफसफाई करायला जाऊच नये.

आणि ते पोरांच्या अंगावरचे किडे? ते पाखरांच्या अंगावरचे अगदी बारीक कीटक. पिल्लं उडून गेली की त्यांना रक्त मिळत नाही, मग ते झरोक्यातून खाली उतरतात आणि माणसाला चावतात. आठ-पंधरा दिवस अंगाला खाज सुटते. खरूज समजून घरभर मलम लावणारी कुटुंबं आम्ही पाहिली आहेत. माणसाच्या अंगावर हे कीटक मुक्काम करत नाहीत. रिकामं घरटं काढलं, जागा साबणाच्या पाण्यानं धुतली, अंथरुणं गरम पाण्यातून काढून उन्हात टाकली की प्रश्न मिटतो.

पारव्यांवरून मुंबईत २०२५ मध्ये काय झालं ते वाचकांनी पाहिलं आहे. जुलैमध्ये सरकारनं मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेनं ताडपत्री टाकली आणि ६ ऑगस्टला जमावानं ती फाडली. पुढच्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप करायला नकार दिला. टीव्हीवर कित्येक दिवस एकच चर्चा होती, श्रद्धा मोठी की आरोग्य. आम्ही ती चर्चा ऐकत असताना एका माणसाचं नाव कुणाच्या तोंडून येईल म्हणून वाट बघत होतो. तो माणूस म्हणजे रोज सकाळी तिथली विष्ठा झाडणारा सफाई कामगार. दाणे टाकणाऱ्याची भूतदया मोजली गेली, शेजारच्या इमारतीतल्या रहिवाशांचा खोकला मोजला गेला. झाडूवाल्याचं फुप्फुस कुणाच्या हिशेबात आलं असलं तर आमच्या तरी कानावर आलं नाही.

दादर लांब आहे असं समजू नका. आमच्या परिचयाची एक मावशी ठेक्यावर एका कार्यालयात सफाईचं काम करायची. त्या जुन्या इमारतीच्या माळ्यावर पारव्यांचं राज्य होतं. वर्षातून दोनदा साहेब सांगायचे, “मावशी, तेवढा माळा झाडून घ्या.” मावशी पदर नाकाला बांधायच्या आणि खराट्यानं कोरडंच झाडायच्या. पदरानं धूळ दिसायची थांबते, आत जायची थांबत नाही. एरवीही खालच्या खोल्यांत ती भुकटी रोजची होतीच. वर्षभर खोकला. टीबीची तपासणी निर्दोष, कफाची औषधं घेऊन झाली, अंगारेही झाले. शेवटी कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, “घरी कबुतरं आहेत का?” मावशी म्हणाल्या, “न्हाईत.” खरंच तर होतं. घरी नव्हती. कामावर होती, आणि कामाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सोबत होतो म्हणून ते सांगितलं. नाहीतर त्या तशाच परत आल्या असत्या.

वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर आम्हाला एक गोष्ट कळली आहे. पाखरू कुणाच्याही झरोक्यात घरटं करतं. ते काढायला मात्र हाक ठरलेल्या वस्तीलाच येते. बंगल्याच्या एक्झॉस्टमधलं घरटं असो की शाळेच्या माळ्यावरची घाण असो, “तुमच्यातला कुणी पोरगा असेल तर पाठवा” हे वाक्य आजही ऐकू येतं. काम हलकं आहे असं आम्ही म्हणत नाही, कुठलंच काम हलकं नसतं. पण ते उघड्या नाकानं करायचं नसतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे मंत्री होते. कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्याची आहे, हे आपण मागायचं नाही तर आणखी कुणी मागायचं? असं काम आलं तर आधी एन-९५ मास्क, हातमोजे आणि पाणी मारायची सोय मागा. दिली नाही तर काम नाकारा. पाचपन्नास रुपयांच्या मास्कसाठी ज्याला जड वाटतं त्यानं स्वतः शिडीवर चढावं.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचा प्रश्न आम्हाला हसण्यावारी नेता येत नाही. पहिलं शील रोज म्हणायचं आणि अंडी असलेलं घरटं काठीनं पाडायचं, हे जमत नाही. पण म्हणून लेकरांना त्या घाणीत बसवायचं, हेही शील नव्हे. ज्या ग्रंथाचं वाचन चालू होतं त्यातच बाबासाहेबांनी अहिंसेबद्दल लिहिताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. आम्ही त्याचा साधा अर्थ असा घेतो: आपल्याला त्रास होतो म्हणून हात उगारण्याआधी बघायचं की गरज खरंच आहे का. इथे गरज नाही. चिमणीची अंडी साधारण बारा-चौदा दिवसांत फुटतात आणि आणखी पंधरा दिवसांत पिल्लं उडतात. साळुंकीला एकूण पाच-सहा आठवडे लागतात, पारव्याला सात-आठ. तेवढे दिवस तो फॅन बंद ठेवला, प्लग काढून ठेवला, दुसरी खिडकी उघडली की दोघांचंही भागतं. कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येत धरलं आहे.

वर्षावास कसा सुरू झाला ती कथा विनयपिटकात आहे. भिक्खू भर पावसात हिंडतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, याबद्दल लोक तक्रार करू लागले. पाखरंसुद्धा पावसाळ्यात झाडावर घरटं करून एका जागी राहतात आणि हे मात्र फिरतात, असं लोक म्हणाले. तथागतांनी ती तक्रार ऐकली आणि भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितलं. आम्ही आजींना ही कथा सांगितली तेव्हा त्या काकांकडे बघून म्हणाल्या, “बघा, पाखरंच आपली मास्तर हुती.” काका हसले. काठी कोपऱ्यात गेली.

अपवाद एकच, गॅस गिझरच्या झरोक्याचा. तिथेही घरटं पाडायची गरज नाही. गिझर बंद ठेवायचा आणि चुलीवर किंवा गॅसच्या शेगडीवर पाणी तापवायचं. पिल्लं महिन्या-दीड महिन्यात उडतील. पण घरटं आहे आणि गिझरही चालू आहे, हे एक दिवससुद्धा चालणार नाही.

पिल्लं उडाली की मात्र आळस नको. साळुंकी आणि पारवा त्याच जागी पुन्हा येतात, पारवा तर जवळजवळ वर्षभर अंडी घालतो. दोन-तीन दिवस लक्ष ठेवून घरटं खरंच रिकामं आहे याची खात्री करा. फॅनचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण शिडीवर असताना खालून कुणीतरी दाबतंच. मास्क आणि हातमोजे घाला, मुलांना आणि दमेकऱ्यांना घराबाहेर पाठवा. मग साबणाचं पाणी घरट्यावर आणि विष्ठेवर शिंपडा, चांगलं भिजू द्या. कोरडं खरडायचं नाही, झाडायचं नाही, फुंकायचं तर मुळीच नाही. सगळी धूळ आजाराची असते ती कोरडी असतानाच. भिजलेला गोळा पिशवीत भरून तोंड बांधा, जागा ब्लीचिंगच्या पातळ पाण्यानं पुसा. पण ब्लीचिंगच्या पाण्यात संडास धुवायचं ॲसिड मिसळू नका. त्यातून निघणारा वायू घरट्यापेक्षा वाईट. शेवटी अंघोळ करा आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

मग जाळी. इथे बहुतेक जण चुकतात. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मच्छरजाळी आणतात आणि एक्झॉस्टच्या तोंडाला ठोकतात. फोडणीचा धूर आणि तेलकट वाफ दोन महिन्यांत ती जाळी बुजवून टाकते, म्हणजे पोतं कोंबल्यासारखंच. हवा जाणाऱ्या भोकाला अर्धा इंची चौकोनी, वेल्ड केलेली, गंज न लागणारी तारेची जाळी बसवायची. तिच्यातून चिमणी शिरत नाही आणि हवा अडत नाही. जाळी बाहेरच्या बाजूनं, स्क्रूनं बसवायची, म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी काढून घासता येते. एक्झॉस्टला बाहेरून आपोआप मिटणारी झडप असली तरी जाळी हवी. झडपेत एक काडी अडकली की ती उघडीच राहते. हे काम घरटी बांधण्याच्या हंगामाआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत करून टाकावं.

रमाई आवासच्या घरकुलांबद्दल वेगळं बोलायला हवं. २६९ चौरस फुटांच्या घरात प्रत्येक झरोका मोलाचा असतो. हप्ते येतात तसं काम होतं, शेवटचा हप्ता येईपर्यंत कुटुंब आत राहायलाही येतं, आणि झरोका नुसतं भोक म्हणून राहतो. मग पहिल्या उन्हाळ्यात पाखरू, पहिल्या थंडीत पोतं. आमचं म्हणणं सरळ आहे. घरकुलाच्या अंदाजपत्रकात दार-खिडकीबरोबर झरोक्याच्या जाळीचीही ओळ असावी, आणि तपासणीला येणाऱ्यानं संडासाबरोबर झरोकाही बघावा. तोवर गवंड्याला आपणच सांगायचं: भोक ठेवतोस तेव्हाच जाळी बसव.

पाखरांची सगळी भोकं बंद केल्यावर त्यांनी जायचं कुठे, असा प्रश्न आमच्याच गटातल्या एका मुलीनं विचारला. चांगला प्रश्न होता. २० मार्चला आपण महाडच्या चवदार तळ्याचं स्मरण करतो. २०१० पासून तोच दिवस जागतिक चिमणी दिवस म्हणूनही पाळला जातो, आणि तो सुरू करण्यात नाशिकच्या एका पक्षीप्रेमी संस्थेचा पुढाकार होता. ज्या दिवशी पाण्याचा हक्क मागितला त्याच दिवशी दारात मातीच्या परळात पाणी ठेवायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. लाकडी खोक्याला सव्वा इंचाचं भोक पाडून ते आठ-दहा फूट उंचीवर, सावलीच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीपासून आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर टांगलं तर चिमणी तिथे येते. नेहमी येतेच असं नाही. आमच्या दोन खोक्यांपैकी एकात आली, दुसऱ्यात मुंग्या आल्या.

विहारातलं घरटं भाद्रपदात रिकामं झालं. तोवर फॅनच्या बटणावर चिकटपट्टीनं चिठ्ठी लावली होती, “पिल्लं आहेत, दाबू नये,” आणि ग्रंथवाचन पाऊस उघडेल तेव्हा दार उघडं टाकून, नाहीतर हातात वर्तमानपत्राचा पंखा घेऊन झालं. काकांनीच शिडीवर चढून, मास्क लावून, ओलं करून ते काढलं आणि जाळी ठोकली. साळुंकी दोन दिवस चोचीत काडी घेऊन जाळीवर बसायची, मग समोरच्या नारळाकडे गेली.

आमच्या गल्लीतली काही घरं अजून राहिली आहेत. त्यांतल्या दोन न्हाण्यांत गिझर आहे आणि झरोक्यात पोतं आहे, तिथे आधी जायचं आहे. येत्या रविवारी सकाळी नऊला विहारापाशी जमू. शिडी आणि जाळी आहे. पकड आणि स्क्रू ड्रायव्हर ज्याच्याकडे असेल त्यानं घेऊन यावं, आणि मास्क स्वतःचा आणावा.